पेनाईनच्या माळावरचे सायकल-रस्ते

इंग्लंडच्या नकाशावर मँचेस्टर आणि शेफील्ड ही दोन शहरे शोधून काढली, तर त्यांच्यामधील अंतर रस्त्याने ४० मैलांच्या आतच आहे असे दिसून येईल. एक सुताचे शहर, दुसरे पोलादाचे. या दोहोंच्या मध्ये उत्तर-दक्षिण पसरलेली पेनाईन नावाची डोंगररांग आहे. तिला डोंगररांग म्हणताना सह्याद्री पाहिलेल्या माणसाला थोडे अवघडल्यासारखे वाटेल. या भागातील तिचे सर्वांत उंच ठिकाण जे किंडर स्काउट, ते अवघे २,०८७ फूट आहे आणि आपले महाबळेश्वर त्याच्या दुपटीहून उंच आहे. परंतु येथे उंचीवर जाऊन चालत नाही. माथा गाठला की शिखर लागत नाही, तर मैलोगणती पसरलेला, झाड नसलेला, काळपट रंगाचा ओला माळ लागतो. इंग्रज लोक त्याला 'मूर' म्हणतात. त्याला आपल्याकडे नेमका शब्द नाही, कारण नेमकी तशी जमीनही नाही. म्हणून तोच शब्द आम्ही पुढे वापरतो.

मूर कसा बनतो हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण रस्त्यांचे सारे स्वरूप त्यावर अवलंबून आहे. खाली खडबडीत वालुकाश्माचा थर असतो. वरून बारा महिने पाऊस, धुके आणि गारठा. पाणी निचरत नाही, मेलेले शेवाळ पुरते कुजत नाही, आणि हजारो वर्षांत त्याचा काळा, स्पंजासारखा थर साठतो. त्याला 'पीट' म्हणतात. कित्येक ठिकाणी तो पुरुषभर खोल आहे. त्यावर हेदर नावाचे गुडघाभर उंचीचे झुडूप वाढते आणि ऑगस्टमध्ये ते फुलले म्हणजे सारा माळ जांभळा होतो. उरलेले दहा-अकरा महिने तो तपकिरी असतो. अशा जमिनीवर गाडी तर नाहीच, पण माणूसही धड चालू शकत नाही. तेथे सायकल न्यावयाची तर ती बांधलेल्या रस्त्यानेच नेली पाहिजे.

हे रस्ते आज जगभरच्या सायकलस्वारांना नावानिशी ठाऊक आहेत. आमची त्यांच्याशी ओळख मात्र खेळाच्या बाजूने झाली नाही, ती कामगार चळवळीच्या इतिहासातून झाली. युनियनच्या कामात तीस वर्षे काढल्यावर मनुष्य नकाशाकडेही पाळीच्या वेळापत्रकाकडे पाहावे तसा पाहू लागतो. तेव्हा चढ-उतारांच्या जोडीने पुढे कारखान्यांचे कायदे आणि सुट्या यांचाही उल्लेख येईल. आमच्या मते त्यांच्याशिवाय या रस्त्यांची गोष्ट पुरी सांगताच येत नाही.

या भागातील रस्त्यांची दोन घराणी आहेत, आणि सायकलस्वाराने ती ओळखून असावे हे बरे. पहिले घराणे जुने. लोकर, मीठ आणि कापड तट्टांच्या पाठीवर लादून तांडे ज्या वाटांनी जात, त्या वाटा. तट्टाला वळण नको असते. ते सरळ चढते. म्हणून या वाटा आज डांबरी झाल्या तरी उभ्याच्या उभ्या आहेत. दुसरे घराणे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील टोलच्या रस्त्यांचे. भांडवलदारांनी कंपन्या काढल्या, पार्लमेंटकडून परवाने मिळविले, घोडागाडीला झेपेल अशा बेताच्या चढाने डोंगराच्या कुशीतून रस्ते नेले आणि नाक्यांवर टोल वसूल केला. हे रस्ते लांब पडतात, पण छातीवर येत नाहीत.

मॅकल्सफील्ड या रेशमाच्या गावाहून बक्स्टनकडे जाणारा रस्ता दुसऱ्या घराण्यातला. माथ्यावरील एका खाणावळीच्या नावाने तो 'कॅट अँड फिडल', म्हणजे 'मांजर आणि सारंगी', म्हणून ओळखला जातो. सात-एक मैल तो हळूहळू चढत राहतो आणि १,६८९ फुटांवर पोचतो. नवख्या माणसाने मूरची पहिली चढण येथेच करावी. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, याच्या वळणांवर मोटारसायकली बेफाम धावतात आणि तेथील अपघातांमुळे रस्त्याची मोठी अपकीर्ती झालेली आहे.

शेफील्डला ग्लॉसपशी जोडणारी स्नेक खिंडही त्याच घराण्यातली. प्रसिद्ध अभियंता टॉमस टेलफर्ड याच्या देखरेखीखाली ती बांधली गेली आणि १८२१ मध्ये खुली झाली. माथा १,६८० फुटांवर. 'स्नेक' म्हणजे साप, तेव्हा रस्ता नागमोडी आहे म्हणून हे नाव पडले असावे असा कोणाचाही समज होईल. खरा प्रकार निराळा आहे. हा मुलूख डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचा. त्या घराण्याच्या राजचिन्हावर साप आहे. रस्त्यावरील खाणावळीच्या पाटीवर तोच साप चढला आणि खाणावळीवरून खिंडीला नाव मिळाले. म्हणजे सार्वजनिक रस्त्याच्या कपाळावर जमीनदाराची मुद्रा. ही मुद्रा तेथे असण्याला अर्थ होता.

तो अर्थ असा. पूर्वी या माळांवर आसपासच्या गावांचा गुरे चारण्याचा आणि पीट काढून जाळण्याचा हक्क चालत असे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून हे गायरान बड्या जमीनदारांत वाटून टाकले. पुढे रेल्वे आली, बंदुका सुधारल्या आणि मूरवर राहणाऱ्या ग्राउझ नावाच्या पक्ष्याची शिकार हा श्रीमंतांचा शौक झाला. १२ ऑगस्टला हंगाम सुरू होतो. त्या थोड्या दिवसांच्या शिकारीसाठी वर्षभर माळ बंद ठेवावयाचा, रखवालदार नेमावयाचे, आणि कोणी पाऊल टाकले तर हाकून लावावयाचे, अशी रीत पडली. एका बाजूला मँचेस्टरची धुराडी, दुसऱ्या बाजूला शेफील्डच्या भट्ट्या, मध्ये लक्षावधी कामगारांच्या डोळ्यांसमोर हा मोकळा माळ, आणि त्यावर पाऊल ठेवण्याची मनाई! जे उघडे होते ते एवढेच: वीस-पंचवीस फूट रुंदीचा, दोन्ही बाजूंनी दगडी गडग्यांनी बांधलेला रस्ता.

सायकलला हा रस्ता तरी मोकळा होता काय? तोही आपोआप झाला नाही. सायकली नव्या होत्या तेव्हा गाडीवान चाबूक उगारीत आणि ठिकठिकाणच्या नगरपालिका आपापले नियम करून सायकलस्वारांना अडवीत. १८७८ मध्ये यॉर्कशायरच्या मूरच्या कडेला असलेल्या हॅरोगेट गावी सायकलस्वारांची एक संघटना स्थापन झाली. पुढे ती 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' या नावाने प्रसिद्धीस आली. तिने आणि तिच्यासारख्या इतरांनी लकडा लावला आणि १८८८ च्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्यात सायकल ही 'गाडी' आहे असे लिहून घेतले. या एका शब्दाने तिला घोडागाडीच्या बरोबरीचा हक्क मिळाला. त्याच वर्षी डनलॉपची हवा भरलेली धाव आली. दोन सारख्या चाकांची सायकल तीन वर्षे आधी कॉव्हेंट्रीत निघाली होती. यंत्र तयार झाले, हक्क मिळाला. उरला प्रश्न वेळेचा.

मनुष्य आठवड्याचे सहाही दिवस दिवे लागेपर्यंत साच्यावर उभा असेल आणि सातव्या दिवशी अंग मोडून पडत असेल, तर सायकल असून ती भिंतीलाच टेकलेली राहणार. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत १८५० च्या कायद्याने बायका आणि तरुण कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता बंद झाले. त्यांच्यावाचून साचे चालत नसत, म्हणून पुरुषांचेही झाले. पुढे ही अर्ध्या शनिवारची सुटी इतर धंद्यांत पसरली. शनिवारची दुपार आणि रविवार मिळून दीड दिवस झाला. मँचेस्टरहून माळापर्यंत पंधरा मैल, तेथून पलीकडचे खोरे आणखी पंधरा-वीस मैल, रात्री कोठे तरी मुक्काम आणि रविवारी संध्याकाळपर्यंत परत. या प्रदेशातील जे नामांकित सायकल-मार्ग आहेत त्यांची लांबी काढून पाहावी. पुष्कळसे या दीड दिवसात किंवा एका रविवारात बरोबर बसतात.

हे वाचताना आपल्या मुंबईची आठवण होणे साहजिक आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून १८८४ पासून खटपट चालविली होती. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. मुंबईला कारखान्यांचे कायदे लावा म्हणून त्या काळी लँकेशायरचे गिरणीमालकही ओरडत होते. त्यात कनवाळूपणा थोडा आणि मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती फार होती. पण रविवार मिळाला तो कामगारांच्या सभेमुळे मिळाला, हे विसरता कामा नये. आज आपल्या शहरांत रविवारी दुचाकीवर सर्वांत अधिक मैल कोण तोडतो? पाठीवर खाण्याच्या पदार्थांची पेटी अडकविलेला तरुण. त्याला ना हजेरीपट ना साप्ताहिक सुटी. चाक तेच, त्यावर बसणाऱ्याचा वेळ कोणाच्या मालकीचा आहे हा फरक.

इंग्लंडात हा वेळ हाती आल्यावर कामगारांनी त्याचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. मँचेस्टरमध्ये १८९१ साली रॉबर्ट ब्लॅचफर्ड याने 'क्लॅरियन' नावाचे समाजवादी साप्ताहिक काढले. त्याच्या वाचकांपैकी काही तरुणांनी १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे 'क्लॅरियन सायकल क्लब' स्थापन केला. वर्षभरात गावोगाव शाखा निघाल्या आणि १८९५ च्या ईस्टरला त्यांचा पहिला मेळावा ॲशबोर्न येथे, म्हणजे या डोंगराळ मुलखाच्या दक्षिण दारातच भरला. रविवारी पंचवीस-तीस जण निघावयाचे, पिशवीत पत्रके घ्यावयाची, खेड्याच्या चौकात सायकली उभ्या करून भाषणे द्यावयाची, पत्रके वाटावयाची आणि चहा पिऊन पुढे जावयाचे. दुसरी टोळी वाटेत भेटली की एकाने 'बूट्स!' असे ओरडावे, दुसऱ्याने 'स्पर्स!' असे उत्तर द्यावे. 'बूट' आणि 'टाचेची आर' यांचा समाजवादाशी काय संबंध, असे कोणी विचारील. काही नाही, तरुण मंडळी होती. बायकाही या क्लबात होत्या. पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात गाजलेल्या क्रिस्टाबेल आणि सिल्व्हिया पँकहर्स्ट या बहिणी मँचेस्टरच्या क्लॅरियन मंडळीबरोबर सायकलीने हिंडत.

आता एक प्रत्यक्ष फेरी घेऊ. किंडर स्काउटच्या भोवती रस्त्यांचे एक कडे आहे, चाळीस मैलांच्या आसपासचे. ग्लॉसप हे कापडाचे जुने गाव आहे आणि मँचेस्टरहून तेथपर्यंत आगगाडी जाते. गाव संपताच स्नेकची चढण सुरू होते. सव्वातीन मैलांत अकराशे फूट. टक्क्यांच्या भाषेत सरासरी साडेसहा. हा टक्का म्हणजे काय, हे एका हिशेबाने कळेल. सायकलसह ८० किलो वजनाचा स्वार दहा टक्क्यांच्या चढावर असेल तर आठ किलोचे ओझे त्याला सतत मागे ओढीत असते. पाच टक्क्यांवर चार किलो, वीस टक्क्यांवर सोळा किलो. वाऱ्याचा आणि टायरच्या घर्षणाचा हिशेब याच्यावर. मूरवर वारा बहुधा पश्चिमेचा असतो, म्हणून ग्लॉसपकडून चढताना तो पाठीशी लाभतो. फेरी या दिशेने करावयाची ती याचसाठी.

पहिल्या पिढीतील कामगाराजवळ हल्लीसारखे गिअर नव्हते. मागचे चाक फिरेल तसे पेडल फिरावयाचेच, चढणीला आणि उताराला दात्यांची जोडी एकच. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने १९०२-०३ च्या सुमारास चाकाच्या तुंब्यात बसणारे तीन वेगांचे गिअर आणले, तेव्हा थोडा आराम पडला. आपल्याकडे 'रॅले' म्हणजे उत्तम सायकल असे समीकरण कित्येक वर्षे होते, ती हीच कंपनी. त्यापूर्वी अवघड चढण लागली की उतरून सायकल ढकलीत न्यावयाची, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. आमच्या मते आजही वाटू नये.

माथ्यावर पोचल्यावर दोन्ही बाजूंना पीट, मध्ये काळी पट्टी. थांबून पाहण्यासारखे दूरपर्यंत काही नाही, आणि तेच पाहण्यासारखे आहे. मग ॲशप नदीच्या खोऱ्यातून दहा-एक मैलांचा उतार लागतो आणि लेडीबोअर जलाशयाच्या काठी तो संपतो. या खोऱ्यात एकावर एक तीन धरणे आहेत: हाउडन १९१२ चे, डरवेंट १९१६ चे आणि लेडीबोअर १९४३ चे. पहिली दोन बांधीत असताना मजुरांसाठी बर्चिनली नावाचे गाव पन्हाळी पत्र्यांचे उभारले होते. लोक त्याला 'पत्र्यांचे गाव' म्हणत. परंतु त्यात शाळा होती, दवाखाना होता, करमणुकीचा दिवाणखाना होता. हे औदार्य आकाशातून पडले नाही. याच डोंगरात, थोडे उत्तरेस, वुडहेडचा रेल्वे बोगदा १८४५ साली पुरा झाला. तो खणताना तीस-एक मजूर मेले, शेकडो जायबंदी झाले, आणि ते उघड्या माळावर दगड-मातीच्या खोपटांत राहत. एडविन चॅडविक याने मेलेल्या-जखमी झालेल्यांचे प्रमाण लढायांतील प्रमाणाशी ताडून दाखविले, आणि १८४६ मध्ये रेल्वे मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी पार्लमेंटला समिती नेमावी लागली. त्या बोगद्यापासून पत्र्यांच्या गावापर्यंतची मजल अर्ध्या शतकाहून अधिक काळाची आहे.

लेडीबोअरच्या पाण्याखाली डरवेंट आणि ॲशप्टन ही दोन गावे गेली. डरवेंटच्या देवळाचा मनोरा पाण्याबाहेर उभा होता, तोही १९४७ मध्ये सुरुंग लावून पाडला. मुळशीचे नाव ज्यांनी ऐकले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. जलाशयाच्या काठाकाठाने जाणारा रस्ता मात्र जवळजवळ सपाट आणि झाडीतला आहे, आणि त्याच्या वरच्या भागात शनिवार-रविवारी मोटारींना बंदी असते. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी तेवढाच करावा.

फेरी पुढे बॅम्फर्ड आणि होप या गावांवरून कॅसलटनला येते. येथे रस्त्यांची ती दोन घराणी समोरासमोर उभी आहेत. पश्चिमेकडे निघावयाचे तर जुनी वाट विनॅट्स खिंडीची. 'वाऱ्याची दारे' या अर्थाच्या शब्दांचे ते झिजलेले रूप आहे. चुनखडीच्या दोन कड्यांमधून मैलभर उभा चढ, काही ठिकाणी वीस टक्क्यांच्याही वर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टोल कंपनीने तो टाळण्यासाठी शेजारच्या मॅम टॉर डोंगराच्या पोटावरून दोन मोठी वळणे घेणारा सौम्य रस्ता बांधला. अडचण अशी की मॅम टॉर हा डोंगर स्थिर नाही. वर वालुकाश्म आणि खाली पापुद्रे सुटणारा मऊ शेल. पाणी मुरले की वरचा भाग घसरतो. हजारो वर्षांपूर्वी सुटलेला कडा अजून खाली सरकत आहे. रस्ता खचावा, त्यावर खडी-डांबर घालावे, पुन्हा खचावा, असे दीडशे वर्षे चालले. १९७९ मध्ये सरकारने हात टेकले आणि रस्ता कायमचा बंद झाला. आज तेथे फुटलेल्या डांबराचे थरावर थर चढलेले दिसतात, जणू खडकाचेच स्तर. मोटारींना तेव्हापासून पुन्हा तट्टांची वाट धरावी लागली. पायी जाणारे मात्र त्या मोडक्या रस्त्याने जातात, आणि सायकल खांद्यावर घेण्याची तयारी असलेलेही जातात. बाकीच्यांनी विनॅट्सवर उतरून ढकलावी.

माथ्यावरून चॅपल-एन-ले-फ्रिथकडे उतार, मग हेफील्ड, आणि हेफील्डहून एक शेवटची चढण ओलांडून ग्लॉसप. कडे पुरे झाले. चाळीस मैल फिरूनही किंडर स्काउट सर्व वेळ उजव्या हातालाच राहिला आणि त्यावर पाय पडला नाही, हे फेरी करणाऱ्याच्या ध्यानात येईल. १९३२ मध्येही कायद्याने तीच स्थिती होती.

त्या वर्षी २४ एप्रिलला, रविवारी, मँचेस्टरकडचे सुमारे ४०० तरुण कामगार हेफील्ड येथे जमले आणि सर्वांच्या देखत मनाई मोडून किंडरवर चढू लागले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. मोटार दुरुस्तीच्या धंद्यातला, क्लॅरियनचा सायकलस्वार. मँचेस्टरच्या स्टेशनावर पोलीस आपली वाट पाहत असणार हे ओळखून तो सायकलनेच हेफील्डला आला. पोलीस फलाटावर राहिले आणि सभा खाणीत झाली. वर रखवालदारांशी झटापट झाली. सहा जणांना पकडले. त्यांतील पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनला चार महिने. शिक्षा इतकी अवजड होती की, जे लोक एरवी या तरुणांना आततायी म्हणाले असते तेही हळहळले. रॉथमन पुढे जन्मभर इंजिनिअरिंग कामगारांच्या युनियनमध्ये राहिला.

यानंतरचा क्रम झरझर सांगतो. १९३८ च्या कायद्याने इंग्लंडातील कामगारांना आठवड्याच्या पगारी रजेचा मार्ग मोकळा झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये हाच मुलूख, पीक डिस्ट्रिक्ट, देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. १९६८ मध्ये घोड्यांच्या वाटांवर सायकलला परवानगी मिळाली. २००० च्या कायद्याने मूर सर्वांना खुले झाले. २००२ मध्ये, त्या चढाईला ७० वर्षे झाली तेव्हा, डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागणुकीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. परंतु २००० चा कायदा पायी चालणाऱ्यांसाठी आहे. सायकलस्वाराचा हक्क अजून रस्ता आणि घोड्यांच्या वाटा एवढ्यापुरताच आहे. पीटची नाजूक जमीन पाहता आम्हाला यात गैर वाटत नाही. मात्र यामुळे त्याच्या दृष्टीने रस्त्याचे मोल आणखीच वाढते.

आणि रस्त्यावर आज अडथळा आहे तो मोटारींचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये वादळी पावसाने स्नेक खिंडीत दरडी घसरल्या आणि रस्ता मोटारींना बंद झाला. काही दिवस सायकलस्वारांना दोनशे वर्षांपूर्वीचा तो रस्ता निवांत मिळाला. माणसे मुलांना घेऊन आली. मग काउंटीच्या अधिकाऱ्यांनी धोका आहे म्हणून सायकलींनाही मनाई केली. काही आठवड्यांनी रस्ता उघडला, अवजड वाहने वगळून. दरडीचा धोका खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या रस्त्यावर वर्षभर मोटारींचा धोका निमूट सोसला जातो, तेथे रस्ता मोकळा झाल्याबरोबर सायकलस्वाराच्या जिवाची काळजी वाटू लागावी, हे पाहून तेथील लोकांनी नापसंती दाखविली, ती आम्हाला योग्य वाटते.

या माळांनी शर्यतीचे मोठे स्वारही घडविले. मिरफील्डचा सुतारकाम करणारा ब्रायन रॉबिन्सन १९५५ साली फ्रान्सची महाफेरी पुरी करणाऱ्या पहिल्या ब्रिटिशांपैकी एक, आणि १९५८ मध्ये तीतील एक टप्पा जिंकणारा पहिलाच ब्रिटिश. लीड्सजवळच्या मोर्ले गावची बेरिल बर्टन शेतमळ्यावर ऱ्हुबार्बची मोजणी-कापणी करणारी मजूर स्त्री. तिने १९६७ मध्ये बारा तासांत २७७.२५ मैल सायकल चालवून पुरुषांचाही उच्चांक मोडला. वाटेत त्या शर्यतीतील अग्रेसर पुरुषाला मागे टाकताना तिने त्याला खिशातली जेष्ठमधाची गोळी देऊ केली. हौशी म्हणूनच ती अखेरपर्यंत खेळली, पैसा केला नाही. ६ जुलै २०१४ रोजी फ्रान्सची महाफेरी यॉर्कहून शेफील्डला जाताना होम मॉस या १,७१९ फुटांच्या मूरवरून गेली, तेव्हा चढणीच्या दोन्ही कडा माणसांनी भरून गेल्या होत्या.

आपल्यापैकी पुष्कळांची मुलेबाळे आता मँचेस्टर, लीड्सकडे असतात आणि आई-वडील उन्हाळ्यात तेथे जातात. त्यांच्यासाठी दोन शब्द. मे ते सप्टेंबर हा काळ बरा. हेदर पाहावयाचे तर ऑगस्ट. भर उन्हाळ्यातही अंगात घालावयास वारा अडविणारा कोट हवा, कारण चढताना घाम येतो आणि माथ्यावर तोच घाम गारठतो. उतारावर मेंढ्या रस्त्यात बसलेल्या असतात, तेव्हा ब्रेक आधी तपासून घ्यावेत. प्रथम जलाशयाचा काठ करावा, मग कॅट अँड फिडल, आणि पाय सरावल्यावर किंडरचे कडे. ज्यांना मूरपेक्षा माणसेच पाहावयाची आहेत त्यांनी उत्तरेस नेल्सन गावाजवळ पेंडल टेकडीच्या पायथ्याला रफ्लीच्या बाजूस जावे. तेथे गिरणी कामगारांनी १९१२ मध्ये बांधलेले 'क्लॅरियन हाउस' आहे. क्लॅरियनच्या काळी अशी कित्येक होती, त्यांतील हे चालू राहिले. दर रविवारी ते उघडते आणि मोठ्या मगातून चहा मिळतो. खाण्याचे ज्याचे त्याने न्यावे.